‘क्रेडिट दिलंय ना!’ एवढं पुरेसं आहे का? दुसऱ्याचं चित्र एडिट करून पोस्ट करण्याआधी काय विचारायचं, कसं विचारायचं?

आषाढी एकादशीच्या सकाळी मोबाइल उघडा. स्टेटसला विठ्ठल, फॅमिली ग्रुपवर विठ्ठल, इन्स्टाग्रामवर विठ्ठल. त्यातलं एखादं चित्र इतकं सुंदर असतं की आपलं बोट स्क्रोल करताना थांबतं. तासाभरात तेच चित्र दुसऱ्या ग्रुपवर येतं, पण आता त्याच्याखाली एखाद्या इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो असतो. तिसऱ्या ग्रुपवर त्याचे रंग भडक झालेले असतात. दुपारपर्यंत त्यावर गाणं चढवून कुणीतरी रील केलेलं असतं. आणि कोपऱ्यात चित्रकाराची जी छोटीशी सही होती, ती पहिल्याच फेरीत क्रॉप झालेली असते.

यातल्या कुणालाही आपण काही चुकीचं केलं असं वाटत नाही. ‘नेटवर होतं, घेतलं.’ ‘देवाचं चित्र आहे, त्याला कसली परवानगी?’ ‘क्रेडिट दिलंय की!’ कॉलेजच्या फेस्टिव्हलसाठी पोस्टर बनवताना पिंटरेस्टवरून चित्रं उचलली, तेव्हा आमच्या मनातही हा प्रश्न आला नव्हता. पण चित्रकाराच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. त्या चित्रावर कुणाचे तरी चार-पाच दिवस गेलेले असतात. त्याचे प्रिंट विकून कुणी स्टुडिओचं भाडं भरत असतं. आणि आता त्या चित्रातून तिला कधीच म्हणायचं नव्हतं असं काहीतरी म्हटलं जात असतं.

दुसऱ्याचं चित्र वापरताना नेमकं काय चालतं, काय नाही आणि परवानगी मागायची झाली तर कशी मागायची, हे सविस्तर समजून घेऊ.

आधी थोडक्यात उत्तर

मूळ पोस्ट ॲपमधल्या शेअर बटणाने स्टोरीला लावणं आणि चित्र डाउनलोड करून आपल्या पेजवर टाकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात चित्र चित्रकाराच्या खात्याशी जोडलेलं राहतं. दुसऱ्यासाठी परवानगी लागते. आणि चित्रात काही बदल करायचा असेल, म्हणजे मजकूर टाकणं, रंग बदलणं, चेहरा किंवा पार्श्वभूमी बदलणं, ॲनिमेशन करणं, तर त्या बदलासाठी वेगळं विचारावं लागतं. ‘पोस्ट करा’ याचा अर्थ ‘हवं ते बदला’ असा होत नाही. क्रेडिट या दोन्ही परवानग्यांची जागा घेऊ शकत नाही.

नेटवर टाकलं म्हणजे ते सगळ्यांचं झालं का?

नाही. भारतात यासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. मराठीत आपण याला प्रताधिकार किंवा स्वामित्व हक्क असंही म्हणतो. चित्र काढून झालं की त्याच क्षणी हा हक्क तयार होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात ‘सी’चं गोल चिन्ह टाकावं लागत नाही, की वॉटरमार्कही लागत नाही. नोंदणीची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

चित्र ‘मोठ्या कलाकाराचं’ असावं लागतं का? तेही नाही. कायद्याच्या व्याख्येत पेंटिंग, शिल्प, रेखाचित्र, फोटो, अगदी नकाशा आणि आराखडाही येतो, आणि त्यात कलात्मक गुण असो वा नसो, असं कायदा स्पष्टपणे म्हणतो. त्यामुळे दोनशे फॉलोअर्स असलेल्या विद्यार्थिनीने टॅबवर काढलेलं डूडल आणि नामवंत चित्रकाराचं तैलचित्र, दोघांनाही संरक्षण मिळतं.

या हक्कात काय काय येतं? चित्राच्या प्रती काढणं, ते लोकांपर्यंत पोहोचवणं आणि त्याचं रूपांतर करणं. रूपांतराच्या व्याख्येत मूळ कलाकृतीची मांडणी बदलणं किंवा तिच्यात फेरफार करणं हेही येतं. म्हणजे एडिट करणं हा मूळ हक्काचाच भाग आहे आणि तो चित्रकाराकडे, किंवा ज्याला त्याने तो दिला त्याच्याकडे असतो.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. ‘इन्स्टाग्रामवर टाकलं म्हणजे तिने हक्क सोडलाच की!’ खातं उघडताना आपण ज्या अटी मान्य करतो, त्यात कंपनीला ते चित्र तिच्या ॲपवर दाखवण्याचा परवाना दिलेला असतो. तो परवाना कंपनीला मिळतो. तुम्हाला-मला डाउनलोड करून, बदलून, पुन्हा टाकण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

क्रेडिट आणि परवानगी यात फरक काय?

शेजाऱ्यांची सायकल न विचारता नेली आणि परत येईपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलो की ‘सायकल शेजारच्या काकांची आहे हं’, तर काकांना बरं वाटेल का? त्यांचं नाव सांगितलं हे ठीक. पण विचारलं नाही ते नाहीच.

क्रेडिट म्हणजे हे काम कुणाचं आहे हे सांगणं. परवानगी म्हणजे ते वापरू का, हे वापरण्याआधी विचारणं. परवानगी घेतली तरी क्रेडिट द्यायचंच, आणि क्रेडिट दिलं तरी परवानगी लागतेच.

त्यातही आपण जे क्रेडिट देतो ते बऱ्याचदा क्रेडिटच नसतं. ‘सौजन्य: गुगल’, ‘फोटो: पिंटरेस्ट’, ‘साभार: सोशल मीडिया’, ‘क्रेडिट मूळ चित्रकाराला’. गुगलने चित्र काढलेलं नसतं, त्याने फक्त शोधून दिलेलं असतं. ‘मूळ चित्रकाराला’ असं लिहिणं म्हणजे तर आपण शोधण्याचा प्रयत्न केला नाही, हे स्वतःच कबूल करणं.

आणि सही क्रॉप करणं? २०१२ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर, कलाकृतीसोबत असलेली निर्मात्याचं नाव किंवा हक्कांची माहिती कुणाच्या परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणं किंवा बदलणं हा वेगळा गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. म्हणजे ‘पोस्टमध्ये बसत नव्हती म्हणून सही कापली’ ही दिसते तितकी साधी बाब नाही.

एडिट करण्यासाठी वेगळं का विचारायचं?

कारण चित्र बदललं की त्याचा अर्थ बदलतो, आणि बदललेल्या अर्थाखाली नाव मात्र चित्रकाराचंच राहतं.

समजा एका चित्रकाराने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते एका मंडळाने उचललं, वर पक्षाचं चिन्ह टाकलं, खाली पाच जणांचे फोटो लावले आणि चौकात फ्लेक्स लावला. चित्रकाराचं नाव ठेवलं असेल तर लोकांना वाटणार, हा त्या पक्षाचा माणूस. नाव काढलं असेल तर त्याचं कामच गेलं. दोन्हीकडून नुकसान त्याचंच. उद्या दुसऱ्या कुणी त्याला काम देताना ‘तुम्ही तर त्यांचे ना?’ असं विचारलं, तर तो काय उत्तर देणार?

याचसाठी कायद्यात कलम ५७ आहे. निर्मात्याचे दोन खास हक्क त्यात सांगितले आहेत. एक, ही कलाकृती माझी आहे असं सांगण्याचा. दुसरा, तिची मोडतोड, विद्रूपीकरण किंवा तिच्यात आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणारा बदल झाला, तर तो थांबवण्याचा आणि भरपाई मागण्याचा. चित्रकाराने कॉपीराइट दुसऱ्याला विकून टाकला असला, तरी हे हक्क त्याच्याकडेच राहतात.

हे कलम किती पुढे जाऊ शकतं, हे अमरनाथ सहगल यांच्या खटल्यात दिसलं. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सरकारने त्यांच्याकडून ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प करून घेतलं होतं. १९६२ मध्ये ते पूर्ण झालं. १९७९ मध्ये इमारतीचं नूतनीकरण करताना ते त्यांना न कळवता उतरवलं आणि गोदामात टाकलं. त्यात त्याची मोडतोड झाली, काही भाग गहाळ झाले. सहगल न्यायालयात गेले. सरकारचं म्हणणं साधं होतं: पैसे आम्ही दिले, वस्तू आमची. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सहगल यांच्या बाजूने निकाल दिला. उरलेलं शिल्प त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पैसे मोजून घेतलेल्या कलाकृतीबाबतही मालक वाटेल तसं वागू शकत नाही, हा त्याचा अर्थ. आपण तर बहुतेक वेळा एक रुपयाही मोजलेला नसतो.

बेडकाची गोष्ट: ‘गंमत म्हणून’ केलेले बदल कुठे पोहोचतात?

‘पेपे’ हा हिरवा बेडूक तुम्ही मीम्समध्ये नक्की पाहिला असेल. अमेरिकी चित्रकार मॅट फ्युरी यांनी २००५ मध्ये ‘बॉइज क्लब’ या कॉमिकमध्ये तो काढला. चार मित्र, त्यांची आळशी दिनचर्या, त्यातला एक हा निवांत बेडूक. लोकांनी तो उचलला, त्याला रडवलं, हसवलं, कपडे घातले. कुणी विचारलं नाही आणि बराच काळ फ्युरी यांनीही फारशी हरकत घेतली नाही.

मग हळूहळू वंशद्वेषी गटांनी त्याच बेडकाला नाझी गणवेश चढवला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ‘अँटी-डिफेमेशन लीग’ने पेपेच्या अशा रूपांचा समावेश द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत केला. मूळ पात्र तसं नव्हतं, हे संस्थेनेही सांगितलं आणि फ्युरी यांच्यासोबत पेपेला वाचवण्याची मोहीमही चालवली. २०१७ मध्ये फ्युरी यांनी एका कॉमिकमध्ये पेपेला शवपेटीत दाखवलं. स्वतःच्या पात्राला निरोप देण्याची वेळ त्यांच्यावर आली होती.

नंतर ते कायद्याच्या वाटेने गेले. पेपेला घेऊन मुस्लिमद्वेष पसरवणारं एक मुलांचं पुस्तक त्यांनी मागे घ्यायला लावलं. परवानगीशिवाय पेपे असलेलं पोस्टर विकणाऱ्या ‘इन्फोवॉर्स’वर खटला भरला. २०१९ मध्ये तडजोड होऊन त्यांना १५ हजार डॉलर मिळाले. त्याच वर्षी हाँगकाँगमधल्या लोकशाहीवादी आंदोलकांनी हाच बेडूक आपलं प्रतीक म्हणून वापरला, हा या गोष्टीतला आणखी एक वळसा.

पेपेवर रडका चेहरा लावणाऱ्या पहिल्या माणसाच्या मनात काहीच वाईट नसणार. पण विचारण्याची सवयच नसली की पहिला बदल आणि शंभरावा बदल यांच्यामध्ये कुणी थांबवणारा उरत नाही. फ्युरी यांच्याकडे वकील उभे राहिले. चिपळूण किंवा लातूरमध्ये बसून चित्रं काढणाऱ्या मुलीकडे ते असतीलच असं नाही.

एकदा ‘हो’ म्हटलं म्हणजे कायमचं ‘हो’ का?

नाही. परवानगी ज्या वापरासाठी मागितली, त्या वापरापुरतीच असते.

याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतला अँडी वॉरहॉल फाउंडेशन आणि लिन गोल्डस्मिथ यांचा खटला. गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये गायक प्रिन्स यांचा फोटो काढला होता. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने ४०० डॉलर देऊन, त्यावरून एक चित्र करून एकदाच छापण्याची परवानगी घेतली. चित्र केलं अँडी वॉरहॉल यांनी. पण त्यांनी त्या फोटोवरून एक नव्हे, एकूण १६ चित्रं केली. २०१६ मध्ये प्रिन्स यांच्या निधनानंतर त्यातलंच दुसरं, नारिंगी रंगाचं चित्र एका विशेषांकाच्या मुखपृष्ठावर आलं. फाउंडेशनला १० हजार डॉलर मिळाले. गोल्डस्मिथ यांना ना पैसे, ना श्रेय. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी, त्या मुखपृष्ठासाठी केलेल्या वापराबाबत निकाल गोल्डस्मिथ यांच्या बाजूने लागला.

अमेरिकेचा निकाल भारतात लागू होत नाही. पण त्यातला धडा आपल्यालाही लागू पडतो. एखाद्या चित्रकाराने गेल्या गणपतीत सोसायटीच्या पत्रिकेसाठी चित्र वापरू दिलं असेल, तर यंदा तेच टी-शर्टवर छापण्याआधी पुन्हा विचारायचं.

कधी विचारावं लागत नाही?

कायदा सगळ्यालाच बंदी करत नाही. काही वापर खुले आहेत.

पहिला, खासगी वापर. आवडलेलं चित्र मोबाइलचा वॉलपेपर म्हणून ठेवलं, त्यावरून घरी सराव केला, अभ्यासासाठी जपून ठेवलं, तर कुणी विचारणार नाही. मात्र सरावाचं चित्र पोस्ट करताना ‘अमुक यांच्या चित्रावरून सराव’ असं लिहायला विसरू नका.

दुसरा, समीक्षा, टीका आणि चालू घडामोडींची बातमी. चित्राबद्दल लिहिताना ते दाखवण्याची मुभा आहे. पण चित्राबद्दल एक ओळही न लिहिता ते फक्त सजावटीसाठी लावलं, तर ती समीक्षा होत नाही. मीम किंवा विडंबन असा वेगळा अपवाद भारतीय कायद्यात नावानिशी लिहिलेला नाही. त्यामुळे ‘मीम आहे, चालतं’ हे कवच वाटतं तितकं भक्कम नाही.

तिसरा, मुदत संपलेली चित्रं. चित्रकाराच्या निधनानंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. राजा रविवर्मा यांचं निधन १९०६ मध्ये झालं, एम. व्ही. धुरंधर यांचं १९४४ मध्ये. त्यांची चित्रं आता खुली आहेत. पण दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे घराघरांत पोहोचलेले दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या चित्रांवरचे हक्क २०३१ अखेरपर्यंत आहेत. ‘जुनं आहे म्हणजे फुकट आहे’ हा हिशेब इथे चुकतो.

चौथा, चित्रकारानेच आधी दिलेली मुभा. काही जण प्रोफाइलमध्ये ‘रिपोस्ट चालेल, एडिट नको’ असं लिहून ठेवतात. काही जण ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना वापरतात. त्यातली अक्षरं वाचायला शिका. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदल केलेली आवृत्ती पसरवू नका. ‘एसए’ म्हणजे बदललेली आवृत्तीही त्याच अटींवर खुली ठेवा.

चित्रकार सापडणार कसा?

फॉरवर्ड होऊन आलेल्या चित्रावर नाव नसतं, ही खरी अडचण आहे. चित्राचा स्क्रीनशॉट गुगल लेन्समध्ये टाकून बघा. निकालांत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्पष्ट, न कापलेली आवृत्ती शोधा. सही बहुतेकदा तिथे सापडते. पिंटरेस्टवर चित्र दिसलं तर तिथे न थांबता मूळ लिंकपर्यंत जा. ‘आर्ट’, ‘एस्थेटिक’ अशा नावांची संकलन करणारी पेजेस म्हणजे चित्रकार नव्हे. त्यांनी ‘वापरा’ म्हटलं तरी उपयोग नाही, कारण परवानगी देण्याचा हक्क त्यांच्याकडे नसतो.

एवढं करूनही सापडलं नाही, तर ते चित्र वापरू नका. चित्रकार सापडला नाही याचा अर्थ चित्राला धनी नाही असा होत नाही.

विचारायचं कसं?

अनेकांना इथेच संकोच वाटतो. काय लिहू, ओळख नाही, रागावतील का. खरं तर दोन मिनिटांचं काम आहे. मेसेजमध्ये पाच गोष्टी असाव्यात: तुम्ही कोण, कोणतं चित्र, कुठे वापरणार, काय बदल करणार आणि त्यातून पैसे मिळणार आहेत का. उदाहरणार्थ:

“नमस्कार. मी पुण्यातल्या एका वाचनालयाचं इन्स्टाग्राम पेज सांभाळते. तुम्ही गेल्या आठवड्यात टाकलेलं, पावसात छत्रीखाली पुस्तक वाचणाऱ्या आजींचं चित्र आम्हाला खूप आवडलं. ते आमच्या वाचक मेळाव्याच्या पोस्टसाठी वापरायची इच्छा आहे. चित्राच्या वरच्या मोकळ्या जागेत कार्यक्रमाची तारीख आणि ठिकाण लिहावं लागेल. बाकी काही बदलणार नाही, तुमची सही तशीच राहील. पोस्टमध्ये तुम्हाला टॅग करू. कार्यक्रम विनामूल्य आहे. तुमची परवानगी असेल का? काही मानधन असेल तर तेही सांगा. तयार पोस्ट टाकण्याआधी तुम्हाला दाखवू.”

हा मेसेज वाचून समोरच्याला निर्णय घेता येतो. याउलट ‘हाय, तुमचं चित्र वापरू का?’ एवढंच विचारलं तर कशासाठी, कुठे, किती, काहीच कळत नाही. ‘आमचे ५० हजार फॉलोअर्स आहेत, तुम्हालाच फायदा होईल’ ही ओळ तर टाळाच. फायदा कशात आहे हे त्यांना ठरवू द्या.

उत्तर लेखी असू द्या. फोनवर बोलणं झालं तर नंतर ‘आपलं बोलणं झाल्याप्रमाणे...’ असा मेसेज पाठवून ठेवा. स्क्रीनशॉट जपून ठेवा. पेजचे ॲडमिन बदलले तरी पुरावा राहतो. आणि वापर व्यावसायिक असेल, म्हणजे जाहिरात, टी-शर्ट, पुस्तकाचं मुखपृष्ठ, तर गप्पांवर न सोडता मुदत, जागा आणि रक्कम लिहून घ्या.

उत्तर आलंच नाही तर?

मौन म्हणजे संमती ही म्हण इथे चालत नाही. मेसेज ‘रिक्वेस्ट’च्या फोल्डरमध्ये पडून राहिला असेल. तीन-चार दिवसांनी एकदा आठवण करा, प्रोफाइलमध्ये ईमेल दिला असेल तर तिथे लिहा. तरी उत्तर नाही आलं, तर ‘नाही’ समजून पुढे जा. उद्याच सण आहे ही तुमची घाई आहे, त्यांची नाही.

आणि ‘नाही’ म्हटलं तर? कारण विचारत बसू नका, वाद घालू नका. ‘कळवल्याबद्दल धन्यवाद’ एवढं पुरे. तुमच्याकडे पर्याय आहेत: मूळ पोस्ट स्टोरीला शेअर करा, मुदत संपलेलं चित्र घ्या, स्वतः फोटो काढा, किंवा आपल्याच गावातल्या एखाद्या चित्रकाराला पैसे देऊन नवं चित्र करून घ्या. मंडळाच्या डीजेच्या खर्चातला छोटासा भाग यासाठी ठेवला, तर कुणाचा तरी महिना सुखाचा जाईल.

चूक आधीच झाली असेल तर?

पोस्ट काढा, आणि चित्रकाराला स्वतःहून कळवा. फक्त कॅप्शनमध्ये नंतर नाव टाकून भागत नाही. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे खरं असेल तर जरूर सांगा, पण त्याला ढाल करू नका. पोस्टमधून पैसे मिळाले असतील तर मानधनाचं बोला. तुमच्या पेजवरून ते चित्र पुढे पसरलं असेल, तर मूळ चित्रकार कोण हे सांगणारी एक स्वतंत्र पोस्ट टाका. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं तर कायदा आहे. जाणूनबुजून केलेल्या कॉपीराइट भंगासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्यापारी फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं.

तुम्ही स्वतः चित्रकार असाल तर?

काय चालेल आणि काय नाही, हे प्रोफाइलवर साध्या मराठीत लिहून ठेवा. विचारणाऱ्याचं काम सोपं होतं. मूळ फाइल, लेयर्स आणि कच्ची रेखाटनं तारखेसह जपा. चित्र तुमचं आहे याचा तोच पहिला पुरावा. सही अगदी कोपऱ्यात न टाकता चित्रात अशा ठिकाणी मिसळा की ती सहज कापता येणार नाही.

कुणी चित्र उचललं तर आधी स्क्रीनशॉट आणि लिंक घ्या, मग मेसेज करा. ऐकलं नाही तर ॲपमधला कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. भारतीय नियमांनुसार रीतसर लेखी तक्रार आल्यावर संबंधित प्लॅटफॉर्मने ३६ तासांत ती सामग्री काढणं अपेक्षित आहे. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर केला नाही, तर ती पुन्हा दिसू शकते, हे लक्षात ठेवा.

नेहमी पडणारे आणखी काही प्रश्न

*एआयमध्ये टाकून चित्र बदललं तर ते माझं होतं का?* २०२५ च्या मार्चमध्ये घिबली शैलीतल्या चित्रांची लाट आली, तेव्हापासून हा प्रश्न जास्त विचारला जातो. निव्वळ शैलीवर कॉपीराइट नसतो. पण एखाद्याचं विशिष्ट चित्र टूलमध्ये टाकून ‘याचे रंग बदल, याला हलवून दाखव’ असं सांगणं हा बदलच आहे. साधन बदललं म्हणून विचारण्याची गरज संपत नाही.

*वारली तर परंपरेने आलेली कला आहे. तिला परवानगी कशाची?* वारली पद्धत कुणा एका व्यक्तीच्या मालकीची नाही. पण एखाद्या वारली चित्रकाराने रचलेलं विशिष्ट चित्र त्याचंच आहे. ते स्कॅन करून पिशव्यांवर छापणं म्हणजे परंपरेचा वापर नव्हे.

*मी चित्र विकत घेतलंय, मग?* भिंतीवर लावा, घरच्यांना दाखवा, पुन्हा विका. पण त्याच्या प्रती काढून विकण्याचा हक्क त्यासोबत आपोआप येत नाही. तुम्ही सांगून, पैसे देऊन करून घेतलेल्या कामाचे नियम थोडे वेगळे आहेत. म्हणून कुणाकडे कोणता हक्क राहणार, हे काम सुरू होण्याआधीच लिहून घ्या.

*रस्त्यावरच्या भिंतीवरचं चित्र तरी सगळ्यांचं ना?* त्यापुढे उभं राहून फोटो काढण्यावरून सहसा कुणी वाद घालत नाही. पण मुंबईतल्या एका भित्तिचित्राचा वापर एका विमा कंपनीच्या जाहिरातीत झाला, तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये न्यायालयाने त्याच्या ऑनलाइन पोस्ट हटवण्याचा अंतरिम आदेश दिला. रस्त्यावर आहे म्हणजे जाहिरातीसाठी मोकळं आहे, असं नाही.

शेवटी

कायद्याची कलमं लक्षात राहिली नाहीत तरी हरकत नाही. पोस्ट करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे कुणी काढलंय, मला माहीत आहे का? मी ते वापरतोय, हे त्यांना माहीत आहे का? मी त्यात जे बदललंय, ते पाहून त्यांना चालेल का?

तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर बिनधास्त पोस्ट करा. एकाचंही उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर आधी एक मेसेज करा. पुढच्या आषाढीला तुमच्या स्टेटसवर विठ्ठल असेलच. त्याच्या पायाशी ज्याने तो काढला त्याची सहीही असू द्या.